दुपारी दोन ते चार मोटर बंद

गल्लीत तिला सगळे कवळीताई म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण तिला ते माहीत होतं आणि तिची काही तक्रारही नव्हती. अहो, दुसऱ्यांसाठी दात बनवून जी स्वतःचं पोट भरते तिला आणखी काय म्हणणार? गावातले नऊ दातांचे डॉक्टर तिच्याकडे हिरड्यांचे ठसे पाठवायचे. त्या ठशात ती प्लास्टर ओतायची, साचा काढायची, मेणावर एकेक दात बसवायची, आणि मग पक्की कवळी करून, मोटरवर घासूनपुसून चकचकीत करून निळ्या डबीत घालून परत पाठवायची. डबीवर नाव कधी नसे, नुसता आकडा. कुणाचे दात ते डॉक्टरला माहीत आणि ज्याचे त्याला. कवळीताईला फक्त तोंड माहीत, माणूस नाही.

आणि कधी कळलाच माणूस, तरी बोलायचं नाही. या बाबतीत ती फार कडक होती. एखाद्या लग्नात समोरच्या पंगतीतला माणूस खो खो हसला की हिला आपलीच कारागिरी दिसायची. बाकीचे विनोदाला हसत, ही मान खाली घालून समाधानाने जेवत राहायची. शेजारी बसलेल्या नवऱ्यालाही तिने कधी कोपराने डिवचलं नाही. लोक आपले दात कसे लपवतात, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

ओळखायची कशी, तर तिची एक खोड होती. ती कवळीतले सगळे दात कधीच सरळ रांगेत बसवत नसे. एक कुठला तरी दात, बहुतेक वेळा वरचा पुढून दुसरा, केसभर आडवा ठेवायची. डॉक्टर कुरकुरत, चिठ्ठीत लिहून पाठवत की रांग सरळ हवी. ही हो म्हणायची आणि आपलंच करायची. देवाने कुणाला फूटपट्टी लावून दात दिलेत का, असं तिचं म्हणणं. एक दात जरा वाकडा असला की बघणाऱ्याला संशयच येत नाही.

हे सगळं चाले एका दुमजली घराच्या तळमजल्यावर, मागच्या खोलीत. पुढे दोन खोल्या राहायला आणि मागे ही कामाची. तिथे उत्तरेची मोठी खिडकी, दगडी ओटा, आणि खोल मोरी. प्लास्टरचं काम करणाऱ्याला मोरी म्हणजे काय हे सांगून कळायचं नाही. चार दिवस नुसतं पाणी ओतलं की नळी तुंबून दगड होते, आणि घरमालक दारात उभा राहतो. कवळीताईच्या मोरीखाली मात्र नवऱ्याने स्वतःच्या हाताने एक बादली अशी बसवली होती की प्लास्टर तळाला राहायचं आणि वरचं पाणी तेवढं पुढे जायचं. अकरा वर्षांत ती नळी एकदाही तुंबली नाही. अशी खोली दुसरीकडे मिळाली नसती, मिळाली तरी मोटरचा आवाज ऐकून कुणी दिली नसती. खोली गेली तर धंदाच गेला, इतका साधा हिशेब होता.

वर राहायच्या हेडबाई. एका शाळेच्या मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झालेल्या, एकट्या, ताठ, आणि शाळा सुटून वीस वर्षं झाली तरी घंटा खिशात असल्यासारख्या वागणाऱ्या. भाडेकरार त्यांनी स्वतः लिहिलेला. बावीस कलमं! कपडे कुठल्या बाजूला वाळत घालायचे, फाटक कुठल्या हाताने लावायचं, सगळं त्यात. सहावं कलम होतं: दुपारी दोन ते चार मोटर बंद. कारण त्या वेळात बाई झोपत. कवळीताईने ते कलम अकरा वर्षं पाळलं. एकदाच मोडलं, पाच वर्षांपूर्वी, आणि गंमत म्हणजे एरवी फाटक वाजलं तरी जिन्यात येऊन उभ्या राहणाऱ्या बाई त्या दिवशी चकार शब्द बोलल्या नाहीत. हिला वाटलं, सुटलो, बाईंना गाढ झोप लागली असणार.

त्या मोडलेल्या कलमाची गोष्ट अशी, की त्या दुपारी मोटरवर होती ती खुद्द हेडबाईंचीच कवळी.

हो. सात वर्षांपूर्वी एक ठसा आला होता. आकडा तीनशे अठरा. चिठ्ठीत डॉक्टरांनी दोनदा अधोरेखित केलेलं: रांग अगदी सरळ हवी, पेशंट फार कडक आहेत. हिने नेहमीप्रमाणे एक दात केसभर आडवा बसवला आणि डबी पाठवून दिली. दोन आठवड्यांनी हेडबाई नळ ठिबकतो म्हणून खाली रागवायला आल्या, आणि त्यांनी तोंड उघडलं मात्र, हिची दातखिळीच बसली. समोर तीनशे अठरा नंबर! बाई नळाबद्दल काय काय बोलल्या ते हिला एक अक्षर ऐकू आलं नाही. पुढे दोन वर्षांनी ती कवळी चिरून आली तेव्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीत होतं, पेशंट घराबाहेर पडायला तयार नाहीत, आजच द्या. म्हणून दुपारी अडीचला मोटर लावली. वर बाई दातांवाचून तोंड मिटून बसल्यात आणि खाली आपण त्यांचेच दात घासतोय, या विचाराने तिला हसूही येत होतं आणि कसंसंही होत होतं. पण बोलली ती कुणालाच नाही, नवऱ्यालासुद्धा नाही.

आता नवऱ्याचं सांगते. तो बस डेपोत वेळापत्रकं बनवायचा. हिच्या माहेरी त्याला टाइमटेबल म्हणत, आणि ते काही कौतुकाने नव्हे. माणूस सरळ, निर्व्यसनी, कामाला वाघ. पण नियमावर बोट ठेवून जगणारा. चहा सहा दहाला म्हणजे सहा दहाला. मला विचाराल तर असल्या माणसांचा मला फार राग येतो, कारण त्यांच्यावर रागावायला जागाच नसते. सोळा वर्षांच्या संसारात त्याने हिला एकदाही वाकडा शब्द बोलून दाखवला नाही. मूल झालं नाही, त्याचाही बोल लावला नाही. फक्त हळूहळू दोघांमधलं बोलणं संपत गेलं. मग त्याची बदली लांबच्या डेपोत झाली. ही जाऊ शकत नव्हती, मोरी आणि मोटर काय पाठीवर बांधून नेणार? पहिले काही महिने तो दर रविवारी यायचा. एका रविवारी आला नाही आणि दोघांच्याही लक्षात आलं की दोघांनाही बरं वाटलं. ती त्या दिवशी खूप रडली. भांडून वेगळं व्हायला निदान कारण तरी सापडतं, इथे तेही नव्हतं.

वेगळं व्हायचं ठरलं. कागदोपत्रीही झालं, कुणी आवाज चढवला नाही. निघताना त्याने मोरीखालची बादली साफ केली, नवीन जाळी बसवली आणि भिंतीवर एक कागद चिकटवला: बादली दर पंधरा दिवसांनी उपसावी. खाली सहा महिन्यांच्या तारखा.

आणि मग नव्या गावी जाऊन टाइमटेबलने तो घोळ घातला, जो फक्त तोच घालू शकत होता. कुणी दुसरा असता तर आळस केला असता, विसरला असता, करारातलं नाव तसंच राहू दिलं असतं. याला ते कसं चालणार? आपण राहत नाही त्या जागेच्या करारात आपलं नाव म्हणजे खोटेपणा. शिवाय हिच्या पायात आपली बेडी नको, असंही त्याला मनापासून वाटलं. तेव्हा त्याने सुवाच्य अक्षरात हेडबाईंना पत्र लिहिलं की मी ही जागा सोडत आहे, ही एक महिन्याची रीतसर नोटीस समजावी. रजिस्टरने पाठवलं. एक प्रत हिला, माहितीसाठी, खाली शुभेच्छांसह.

हिला प्रत मिळाली तेव्हा तिला बरंच वाटलं. चला, मनुष्य शेवटपर्यंत नीट वागला. चौथ्या दिवशी वरून चिठ्ठी आली. हेडबाईंच्या लाल शाईत दोनच ओळी: नोटीस पोचली. कलम नऊ पाहावे.

तिने करार काढला. दोघांनी मिळून घेतलेल्या जागेत दोघांपैकी एकानेही लेखी नोटीस दिली की करार दोघांचाही संपतो, जागा महिन्याच्या आत रिकामी करावी. असं स्पष्ट लिहिलेलं, आणि खाली दोघांच्या सह्या, अकरा वर्षांपूर्वीच्या, हसत हसत केलेल्या. ज्याने तिला मोकळं करायला पत्र लिहिलं, त्यानेच तिला घराबाहेर काढलं होतं.

ती कागद घेऊन कचेरीबाहेर अर्ज लिहून देणाऱ्या काकांकडे गेली. काका टाइपरायटरमागे बसून कुणाचा तरी अर्ज बडवत होते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पत्र वाचलं, मग करार वाचला, मग पुन्हा पत्र वाचलं, आणि म्हणाले की अक्षर मात्र सुरेख आहे हो. तिला तिथेच रडू फुटलं. तेव्हा काका नरमले. समोरच्या बाकावर बसवून त्यांनी तिला सगळं उलगडून सांगितलं. वेगळं होणाऱ्या जोडप्याने एकट्याने नोटीस द्यायचीच नसते. दोघांनी मिळून मालकाला अर्ज करायचा, की एकाचं नाव कमी करा आणि करार दुसऱ्याच्या एकट्याच्या नावाने करून द्या. मालक हो म्हणाला तर नवा करार, नाही म्हणाला तर जुना तसाच चालू. आता नोटीस गेलीच आहे, तर महिना भरायच्या आत दोघांनी सही करून ती मागे घ्यायची. मात्र मागे घेऊ द्यायची की नाही, हे मालकिणीच्या मर्जीवर. त्यांनी दोन्ही अर्ज तिथल्या तिथे टाइप करून दिले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला तासभर ताटकळत ठेवलं. पुढे कितीतरी दिवस ती त्यांचं नाव काढायची.

टाइमटेबलला फोन केला. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, मी कलमं वाचली होती, पण ती माझ्यासाठी वाचली, तुझ्यासाठी वाचली नाहीत. सोळा वर्षांत त्याने स्वतःची चूक इतक्या सरळ कबूल केल्याचं तिला आठवत नव्हतं. शनिवारी अकराला येतो म्हणाला. तिने वर जाऊन भेटीची वेळ मागितली होती, तर हेडबाईंनीही शनिवारी अकराच दिले होते.

पण त्या लाल शाईच्या चिठ्ठीच्या मागच्या बाजूला बाईंनी आणखी एक ओळ लिहिली होती, ती तिने नंतर पाहिली: एकट्या भाडेकरूस कलम चौदा लागू. कलम चौदा म्हणजे जामीनदार. स्वतःच्या नावावर घर असलेला, आणि भाडेकरूबद्दल खात्रीने लिहून देणारा. नवराबायको होते तेव्हा एकमेकांचे जामीन एकमेकांना होते. आता ती एकटी.

तिने दादाला विचारलं. सख्खा मोठा भाऊ, स्वतःचं घर. त्याने आधी तिची चौकशी केली, जेवलीस का विचारलं, मग वहिनीला विचारून सांगतो म्हणाला, आणि मग त्याने फोनच केला नाही. डॉक्टर मंडळींनी कामाबद्दल चांगली पत्रं दिली, पण जामिनाचं नाव काढताच एकेकाला पेशंट आठवायला लागले. अनपेक्षित फोन आला तो सासूबाईंचा. त्या म्हणाल्या, "माझ्या नावावर घर असतं ना, तर आत्ता रिक्षा करून आले असते. तो सुटला असेल तुझ्यापासून, मी नाही सुटले." घर थोरल्या दिरांच्या नावावर होतं, आणि दीर काही हलणारे नव्हते. तरी फोन ठेवल्यावर तिला वाटलं, आपण अगदीच वाऱ्यावर नाही.

शुक्रवारी दुपारी ती मागच्या खोलीत साचे पुसत बसली होती. जुने साचे ती फळीवर ओळीने ठेवायची. पुसता पुसता हातात आला तीनशे अठरा. हेडबाईंच्या वरच्या हिरडीचा पांढरा साचा, तळहातावर मावेल एवढा. तो हातात धरून ती बसून राहिली. एक वाक्य पुरे होतं. बाई, तुमचे दात माझ्या हातचे आहेत. धमकी नाही, काही नाही, नुसती ओळख द्यायची. बाईंसारखी मानी बाई, गल्लीत कळू नये म्हणून मुकाट सही करेल. नाहीतर खूश होऊन करेल. कसंही झालं तरी खोली राहील.

शिवाय आणखी एक सांगायला हवं. गेलं वर्षभर बाई बोलायला लागल्या की त्यांची वरची कवळी बारीक टकटक करायची. हिरड्या झिजल्या की कवळी सैल होते, त्याला इलाज सोपा असतो. फाटकाशी उभ्या राहून बाई हिला शिस्त शिकवायच्या आणि हिच्या कानात ती टकटक जायची, हात नुसते शिवशिवायचे. आपलंच काम आपल्यासमोर बिघडतंय आणि आपण एक अक्षर काढायचं नाही, यासारखी शिक्षा नाही. पण ती वर्षभर गप्प राहिली होती.

तिने साचा पुसला आणि जागेवर ठेवला. उद्या खोली गेली तर गेली. माणसाने विश्वासाने तोंड उघडून दिलेली गोष्ट चार भिंतींसाठी वापरायची, तर मग कवळ्या करायच्या कशाला? असं तिने स्वतःला सांगितलं खरं, पण उठून टेबलावरचं सामान खोक्यात भरायलाही सुरुवात केली. ती काही संत नव्हती, घाबरली होती.

शनिवारी टाइमटेबल पहिल्या बसने आला आणि अकराला दोन मिनिटं कमी असताना फाटक उघडलं, करारात लिहिलेल्या हातानेच. दोघं जिना चढून गेले. बाईंच्या टेबलावर जुना करार, त्याचं पत्र, नव्या कराराच्या दोन प्रती, लाल पेन, निळं पेन, सगळं एका ओळीत. बसा म्हणाल्या. मग त्याला त्याचंच पत्र मोठ्याने वाचायला लावलं. त्याने वाचलं.

"अक्षर चांगलं आहे," बाई म्हणाल्या. "विचार कच्चा आहे."

त्याने मान खाली घातली. मग नोटीस मागे घेण्याच्या अर्जावर दोघांनी सह्या केल्या, नाव कमी करण्याच्या अर्जावर केल्या. बाईंनी त्या नीट तपासल्या, दोन्ही अर्ज मंजूर म्हणाल्या, आणि विचारलं, "कलम चौदा?"

तिने सांगितलं की जामीनदार मिळाला नाही. एवढंच सांगितलं. दादाचं नाव काढलं नाही, डॉक्टरांचंही नाही. टाइमटेबल खुर्चीच्या टोकाशी सरकला आणि म्हणाला की मी राहतो जामीन, नव्या गावी घर बांधतोच आहे, तोपर्यंत माझी नोकरी धरा, काय हवं ते लिहून देतो. बाई म्हणाल्या, जागा सोडणाऱ्याला जामीन राहता येत नाही, कलम चौदाचा दुसरा भाग. कलमं पाठ असलेला हा माणूस, त्याला तेवढंच आठवलं नव्हतं. त्याने तिच्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात इतकी लाज होती की तिलाच त्याची कीव आली.

बाईंनी जुना करार मिटून बाजूला ठेवला. मग त्यांनी लाल पेन उचललं, नव्या करारात जामीनदाराच्या ओळीवर एक सरळ रेघ मारली आणि बाजूला सही केली.

"जामीन माझ्या तोंडात आहे," त्या म्हणाल्या.

टाइमटेबलला काही कळेना. तिला कळलं.

मग हेडबाईंनी शांतपणे सगळं सांगितलं. पाच वर्षांपूर्वी मोरीच्या काठावर आपटून त्यांची कवळी चिरली. डॉक्टरांकडची मुलगी येऊन निळ्या डबीत घालून घेऊन गेली. थोड्या वेळाने बाई गॅलरीत उभ्या होत्या, तर तीच मुलगी तीच डबी घेऊन फाटकातून आत आली आणि खालच्या दारात शिरली. अडीच वाजता खाली मोटर सुरू झाली. शाळेच्या पोरांना एका नजरेत ओळखणाऱ्या बाईला दोन अधिक दोन करायला काय लागतं? पलंगावर पडून त्यांनी ती मोटर बंद होईपर्यंत ऐकली.

"तेव्हापासून मी वाट बघत होते," त्या म्हणाल्या. "आज गल्लीत कळेल, उद्या दूधवाला हसेल. भाडं वाढवलं तेव्हा वाटलं, आता तरी बोलेल. फाटकावरून मी तुला चारचौघांत बोलले, तेव्हाही वाटलं. पाच वर्षं झाली. आज इथे बसून तुझं घर जातंय, तरी तू बोलली नाहीस. आणखी कसला जामीन मागू तुझ्याकडे?"

टाइमटेबल बायकोकडे, म्हणजे आता बायको नसलेल्या बाईकडे, तोंड उघडं टाकून बघत होता. "मलासुद्धा नाही सांगितलंस?" तो म्हणाला.

"तुझे दात होते का ते?" ती म्हणाली, आणि मग तिला रडूच आलं, महिनाभराचं.

बाईंना रडणं चालत नसे. त्यांनी खिडकीकडे बघत आणखी एक गोष्ट सांगून टाकली. डॉक्टरांना त्यांनी बजावून सांगितलं होतं की दात सरळ रांगेत हवेत. कवळी आली, तोंडात घातली, आरशात बघितलं, तर एक दात वाकडा. परत पाठवणार होत्या. पण पुन्हा बघितलं. तरुणपणी त्यांचा तोच दात तसाच होता, आई त्यावरून त्यांना चिडवायची. बरीच वर्षं आरशात कुणी परकी म्हातारी दिसत होती, ती त्या दिवशी दिसली नाही. "त्याचे आभार मानायचे राहिले होते," त्या म्हणाल्या, आणि करार तिच्यापुढे सरकवला. तिने सही केली. पहिल्यांदाच सहीशेजारी दुसरी सही नव्हती.

टाइमटेबलची बस बारा वीसची. ती स्टॉपपर्यंत गेली. वाटेत दोघं जास्त बोलले नाहीत, पण ते न बोलणं नेहमीसारखं जड नव्हतं. बस दिसली तेव्हा तो म्हणाला की मी चांगलं करायला गेलो होतो. ती म्हणाली, "माहीत आहे रे. तू कधी वाईट वागलाच नाहीस. तुझ्या बादलीवर माझा धंदा चाललाय अजून." तो हसला. मग बादली गेल्या आठवड्यात उपसली का, हे विचारायलाही तो विसरला नाही. तिने उपसली नव्हती. उपसली म्हणून सांगितलं आणि त्याला बसमध्ये बसवलं.

परत आली तर हेडबाई जिन्यात उभ्या. आता लपवायचं काही उरलं नव्हतं, तेव्हा तिने मनाचा हिय्या करून सांगून टाकलं की बाई, वरची सैल झालीय, टकटक करते, डॉक्टरांकडे जाऊन नवा ठसा द्या, मी नीट बसवून देते.

"कधीपासून ऐकतेस?"

"वर्ष झालं."

"वर्षभर मी टकटक करत हिंडतेय, आणि तू ऐकून घेतलंस?" बाईंनी तिच्याकडे निरखून बघितलं, आणि मग त्या हसल्या. तोंडावर हात न धरता हसल्या. आडवा दात स्वच्छ दिसला.

जेवण करून ती मागच्या खोलीत आली. खोक्यातलं सामान पुन्हा ओट्यावर मांडलं. चार कवळ्या पॉलिशच्या राहिल्या होत्या, सोमवारी द्यायच्या होत्या. घड्याळात दोन वाजून गेलेले, म्हणजे चारपर्यंत थांबणं आलं. तोवर नवा करार नीट वाचू म्हणून तिने उघडला, यावेळी एकेक कलम, दुसऱ्यासाठी नाही, स्वतःसाठी. पाचव्यानंतर ती थांबली. सहाव्या कलमावर लाल रेघ होती. दुपारी दोन ते चार मोटर बंद, हे सगळंच्या सगळं खोडलेलं, आणि बाजूला बाईंची बारीक सही.

ती बराच वेळ त्या रेघेकडे बघत बसली. ज्या झोपेसाठी बाई अकरा वर्षं सगळ्या गल्लीशी भांडल्या, ती झोप त्यांनी तिला देऊन टाकली होती. आणि म्हणूनच तिच्याने मोटरला हात लावेना. आजचा दिवस तरी बाईंना झोपू दे, असं म्हणून ती हातानेच एका कवळीची कड घासत बसली.

अडीचच्या सुमाराला गॅलरीतून आवाज आला.

"मोटर बिघडलीय का?"

"नाही बाई."

"मग लाव की. केव्हाची वाट बघतेय, झोप येत नाहीये."

तिने डोळे पुसले आणि मोटर लावली.